वाघ्याला गादी कशाला?



या आठवड्याच्या टपालात रेडीहून एक पत्र आलं आहे. रेडी म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं, वेंगुर्ले तालुक्याच्या टोकाला, गोव्याच्या हद्दीजवळचं गाव. १९७६ साली खाणीच्या भागात सापडलेली द्विभुज गणपतीची मूर्ती आणि यशवंतगड यांच्यामुळे तुमच्यापैकी पुष्कळांना ते ठाऊक असेल. पत्र सातवीतल्या एका मित्राचं आहे. तो लिहितो, "आमचा वाघ्या अल्सेशियन आहे. नऊ वर्षांचा, वजन ३५ किलो. तो पडवीत लादीवर बांधलेला असतो. त्याच्या कोपरांवरचे केस गेलेत आणि सकाळी उठताना तो कण्हतो. मी गादी मागितली तर बाबा म्हणाले, कुत्र्याला कसली गादी? गावातली कुत्री काय गादीवर झोपतात?"

बाबांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी त्याचंच उत्तर शोधू या.

गावातलं कुत्रं कुठे झोपतं, ते उद्या नीट बघा. वाळूच्या ढिगावर, पेंढ्यात, नाहीतर चुलीच्या गार राखेत. आधी पायांनी उकरतं, गोल गोल फिरतं, खळगा करतं आणि मगच अंग टाकतं. टोचलं की उठून दुसरीकडे जातं. म्हणजे तेही आपलं अंथरूण निवडतंच की! शिवाय त्याचं वजन असतं साधारण १५-२० किलो. वाघ्या त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि बांधलेला. त्याने निवडायचं कुठून?

आता एक प्रयोग करा. चटई न घेता लादीवर कुशीवर झोपा आणि सगळा भार कोपरावर येऊ द्या. किती मिनिटं टिकता? कोपरावर मांस नसतं, कातडीखाली थेट हाड. कुत्र्याचंही तसंच. मोठं कुत्रं रोज तासन् तास कठीण जमिनीवर पडलं, की तिथली कातडी जाड, काळपट होते. तिला घट्टा म्हणतात. कधी कधी आत पाणी साचून लिंबाएवढी मऊ गाठही येते. ती घरी सुईने मुळीच फोडायची नाही, आत जंतू गेले तर दुखणं वाढतं. आणि मोठ्या जातीची कुत्री लवकर म्हातारी होतात बरं का! नऊ वर्षांचा अल्सेशियन म्हणजे आजोबाच. त्यात या जातीला खुब्याच्या सांध्याचं दुखणं पुष्कळदा असतं.

मग गादी कशी हवी? बाजारातली महागडीच हवी असं नाही. तीन गोष्टी बघा.

पहिली, मापं. वाघ्या हातपाय पसरून झोपला असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा आणि वर वीतभर जागा सोडा.

दुसरी, जाडी. गादीवर गुडघा टेकून जोर द्या. खालची जमीन लागली तर ती पातळ. ३५ किलोच्या कुत्र्याला चार इंचांचा घट्ट फोम हवा. फार मऊ फोम लगेच दबतो. तुमच्याकडे काथ्याची जुनी गादी असेल तर उत्तमच, मात्र तिच्यावर गोधडी घाला, काथ्या टोचतो. कुत्रं गादी फाडून गिळणारं असेल तर फोम आणि काथ्या दोन्ही नकोत, कारण ते आतड्यात अडकतात. त्याला जुन्या चादरींची जाड वाकळ शिवून द्या.

तिसरी गोष्ट कोकणात सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे ओल. तुमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लादीला घाम सुटतो. म्हणून गादी जमिनीवर टाकू नका. चार चिरे मांडून वर फळ्या ठेवा आणि त्यावर गादी. खालून वारा खेळेल. पण उंची वीतभरच, आजोबांना चढता आलं पाहिजे ना! खोळी दोन शिवा, एक अंगावर आणि एक वळणीवर. खोळ आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवा. पिसवांची अंडी कुत्र्याच्या अंगावरून गळून अंथरुणातच पडतात, त्यामुळे नुसत्या कुत्र्याला आंघोळ घालून भागत नाही.

इथे माझी एक चूक सांगतो. माझ्या कुत्र्याची गादी भिजू नये म्हणून मी ती प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळली होती. वरून छान कोरडी दिसायची. श्रावणात उघडून बघतो तर आतून बुरशीने काळी झालेली, आणि तो बिचारा महिनाभर अंग खाजवत होता. मी समजत होतो, त्याला खाजवायची सवयच आहे! तेव्हा उघडीप मिळाली की गादी आतून-बाहेरून उन्हात घाला.

आणखी दोन सूचना. गादीत डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्या कुत्र्याला विषारी असतात. आणि कोकणात फुरसं असतं, हे विसरू नका. गादी उचलायच्या आधी काठीने हलवा, खाली हात घालू नका.

एवढं करूनही उन्हाळ्यात वाघ्या गादी सोडून लादीवर जाईल. जाऊ द्या. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो गारवा शोधतो. म्हणून साखळी इतकी लांब ठेवा, की गादी आणि लादी दोन्ही त्याच्या हाती, म्हणजे पायाशी, राहतील. ती सोडता आली तर अधिकच चांगलं.

रेडीच्या मित्रा, गादीने दुखणं बरं होत नाही, फक्त सोसणं कमी होतं. कण्हणं कशामुळे आहे ते गुरांच्या डॉक्टरांना दाखवून समजून घे. आणि बाबांना पैसे मागण्याआधी त्यांना पाच मिनिटं लादीवर कुशीवर झोपायला सांग. बघ, काय म्हणतात ते! वाघ्याने नऊ वर्षं तुमची पडवी राखली. आता त्याच पडवीत त्याला नीट झोप मिळायला हवी, नाही का?

मला पत्राने जरूर कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात!