मर्जीवर सोडलेला नियम

दारूच्या दुकानांवर कायद्याचा बडगा नको, असे सांगणारे एक सद्गृहस्थ सध्या आमच्या कोन-कल्याण पट्ट्यात मोठ्या आदराने ऐकले जातात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : दुकानदार समाजातलाच माणूस आहे, त्याला विश्वासात घ्या. बाटल्या कुठे मांडाव्यात, पाटी केवढी असावी, कोणाला माल द्यावा, हे त्याचे त्याला ठरवू द्या. कायदा आला की हप्ता येतो आणि मागोमाग चोरटी दारू येते. शिवाय प्रौढ माणसाने काय प्यावे यात सरकारने पडू नये.

शेवटचे मुद्दे आधी निकालात काढतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, ती गुत्त्यावरच्या मिथेनॉलने. परवानाधारक दुकानाची काच झाकल्याने नव्हे. हप्ता घेतला जातो म्हणून चोरीचे कलम कोणी रद्द करत नाही. आणि दर्शनी मांडणीचा नियम प्रौढाच्या पेल्यासाठी नसतोच. तो शाळेतून घरी जाणाऱ्या मुलाच्या नजरेसाठी असतो.

खरा प्रश्न स्वयंशिस्तीचा. या एका शब्दावर सद्गृहस्थांचा सगळा डोलारा उभा आहे, आणि तोच सर्वांत पोकळ आहे.

नाक्यावर दोन दुकाने आहेत असे धरा. एकाने काचेतल्या बाटल्या आत घेतल्या, दिव्यांची पाटी उतरवली आणि मिसरूड न फुटलेल्या पोराला वय विचारून परत पाठवले. ते पोर दहा पावलांवरच्या दुसऱ्या दुकानात जाते. पहिल्याचा गल्ला उतरतो, दुसऱ्याचा चढतो. सहा महिन्यांत पहिलाही पाटी पुन्हा लावतो. तो वाईट माणूस नसतो, पण त्याच्या सज्जनपणावर आपण दंड बसवलेला असतो. सद्गृहस्थ ज्याला विश्वास म्हणतात, तो व्यवहारात प्रामाणिक दुकानदाराला एकटे पाडतो.

हा प्रयोग जगात होऊन गेला आहे. आयर्लंडमध्ये २००८ च्या कायद्यात दुकानातली दारू इतर मालापासून वेगळी ठेवण्याचे कलम होते. ते अमलात न आणता विक्रेत्यांच्या ऐच्छिक संहितेवर भरवसा ठेवला गेला. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, तिथल्या संसदेला पुन्हा कायदा करावा लागला. १२ नोव्हेंबर २०२० पासून तिथल्या किराणा-सुपरमार्केटांना दारू आडोशामागे, वेगळ्या जागेत किंवा बंद कपाटात ठेवणे सक्तीचे झाले. दशकभर मर्जीची वाट पाहून एक देश सक्तीवर आला. आपण तीच वाट पहिल्यापासून का चालावी?

आपल्याकडचा अनुभव तर याहून बोलका आहे. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश दिला. कारण साधे होते : रस्त्यावर मरणारी माणसे. त्यावर स्वयंशिस्त कशी वागली? केरळात एका बारने प्रवेशद्वाराकडे जाणारी वाट भुलभुलैयासारखी वळवून अंतर भरून काढले. काही राज्यांनी शहरांतून जाणाऱ्या महामार्गांचा दर्जाच काढून टाकला. पुढे जुलै २०१७ मध्ये पालिकांच्या हद्दी वगळल्या गेल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामपंचायतींच्या भागांचा निर्णय राज्यांवर सोपवला गेला. म्हणजे दुर्गाडीच्या पुलापलीकडे पालिकेच्या कल्याणात एक निकष आणि अलीकडे कोन गावात दुसरा, असे होण्याची वाट मोकळी झाली. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा लेखी आदेश असताना ज्या धंद्याने पळवाटा बांधल्या, तो तोंडी विनंतीला मान देईल, हे मानायला मी तयार नाही.

जाहिरातींचा जुना अनुभवही आठवावा. दारूच्या जाहिरातीवर बंदी आली. मग त्याच नावांचा सोडा आला, पाणी आले, गाण्यांच्या सीडी आल्या. आणि देवदेवतांच्या, महापुरुषांच्या, गडकिल्ल्यांच्या नावांचे बार? ज्या राज्यात शिवरायांचे नाव घेऊन सभा सुरू होतात, तिथे गडांची नावे बारच्या पाटीवर झळकू नयेत यासाठी जानेवारी २०२२ मध्ये सरकारला निर्णय घ्यावा लागला. एवढी साधी लाजही आपणहून पाळली गेली नाही.

मग हवे काय? मागणी मोठी नाही. दुकानाच्या दर्शनी काचेत बाटली आणि दिव्यांची जाहिरात नको. आपल्या राज्यात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. शंका आली की ओळखपत्र पाहणे सक्तीचे हवे, आणि चुकल्यास परवाना ठरावीक दिवस बंद हवा. दुकानाच्या दारात पिण्याला मुभा नको, आणि त्याची जबाबदारी दुकानदाराची हवी.

यासोबत बायकांचा हक्क खरा करा. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडवी बाटली’ या बंदीच्या चिन्हाला मत दिले तर दुकान बंद होते. यात मतदानाला न आलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूने मोजली जाते. भिवंडीच्या गोदामांत पाळीवर गेलेल्या बाईचे मत असे तिच्याच विरुद्ध का धरावे? झालेल्या मतांवर निकाल लावा.

नियम सर्वांना सारखा असला की चांगल्या दुकानदाराला चांगले राहणे परवडते. म्हणून तो कागदावर हवा, सहीशिक्क्यानिशी हवा, आणि मोडणाऱ्याला महागात पडणारा हवा.