‘याला कान नाही’

मी आठ वर्षांचा असताना गायनवर्गाच्या मास्तरांनी मला पाठमोरे बसवले, पेटीची एक पट्टी दाबली आणि विचारले, ‘ही कुठली?’ मला सांगता आले नाही. ‘याला कान नाही,’ असा निकाल देऊन त्यांनी मला घरी पाठवले. पुढे तीस वर्षे मी गुणगुणण्यापूर्वी खोलीचे दार लावून घेत असे.

हल्ली हाच निकाल मोबाइल देतो. चार वर्षांचे पोर पट्टी ओळखते म्हणून आईबाप त्याची चित्रफीत पाहुण्यांना दाखवतात. ज्याला ओळखता येत नाही, त्याला गाणे शिकवण्याचा विचारच सोडून देतात. ‘पर्फेक्ट पिच’ नावाच्या या दैवताचे देव्हारे आता मोडले पाहिजेत.

या शक्तीत आहे काय? कोणत्याही आधारस्वरावाचून कानी पडलेल्या स्वराचे नाव सांगणे. दहा हजारांत एकालाच ती असते म्हणतात. असेल! पण ते नाव ठेवले माणसानेच. फ्रान्सने १८५९ साली ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४३५ कंपनांचा ठरवला. १९३९ साली लंडनच्या परिषदेने तो ४४० केला. देवाने कान घडवताना या परिषदेची वाट पाहिली होती काय?

आमच्या गाण्याला तर हे मापच बसत नाही. काळी चार हा त्या पट्टीत गाणाऱ्या बाईंचा षड्ज. तोच स्वर काळी एकमध्ये गाणाऱ्या बुवांचा पंचम. इथे मोल आहे ते षड्जाशी असलेल्या नात्याला. नुसते पट्टीचे नाव जाणणारा म्हणजे पोस्टमन. पत्ता बिनचूक; आतल्या मजकुराचा त्याला काय पत्ता?

‘पण ती उपजत देणगी आहे ना?’ तेही पुरते खरे नाही. जपानमध्ये २ ते ६ वर्षांच्या २४ मुलांना शिकवून पाहिले. त्याचा वृत्तांत २०१४ साली प्रसिद्ध झाला. दोघांनी मध्येच सोडले; उरलेल्या २२ जणांना ती विद्या साधली. आणि १९९४ साली अमेरिकेत डॅनियल लेविटिन यांनी साध्या विद्यार्थ्यांना आवडती गाणी आठवणीने म्हणायला लावली, तेव्हा सुमारे चाळीस टक्के जणांनी एकदा तरी मूळ पट्टीच धरली. नावे ठाऊक नव्हती, कान होते!

सूर मुळातच न कळणारी माणसे असतात, हे मला मान्य आहे. २०१७ सालच्या एका पाहणीत ती दीड टक्का भरली. पण पट्टीचे नाव विचारून ती सापडत नाहीत. सापडतात ती माझ्यासारखी भेदरलेली पोरे.

तेव्हा मास्तर, पोराला पाठमोरे बसवू नका. समोर बसवा, तंबोरा छेडा आणि त्याचा षड्ज त्याला शोधू द्या. वर्षभर तरी थांबा. मग हवा तर निकाल द्या.