खरे बोलणारा वजीर



राष्ट्रपतींचा शपथविधी आपण सगळे टीव्हीवर पाहतो. त्यांच्यापासून दोन पावलांवर कागद घेऊन उभ्या असलेल्या अधिकाऱ्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. यावेळी आम्ही त्याच्याविषयी लिहीत आहोत.

राष्ट्रपतींचे सचिव हे त्यांच्या सचिवालयाचे प्रमुख. विधेयके, दयेचे अर्ज, सरकारचे प्रस्ताव त्यांच्या नजरेखालून राष्ट्रपतींपुढे जातात. मंत्रिमंडळाचा सल्ला घटनेने राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे. सचिवाचा सल्ला मात्र मानावा किंवा सोडावा. मग त्याची किंमत काय?

२५ जून १९७५ ची रात्र. आणीबाणी पुकारावी असे पंतप्रधानांचे पत्र राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांच्याकडे आले. मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती. सचिव के. बालचंद्रन यांनी, हे घटनेला धरून नाही, असे राष्ट्रपतींना सांगितले. ते थोडा वेळ बाहेर गेले आणि परत आले, तेव्हा जाहीरनाम्यावर सही झालेली होती. मंत्रिमंडळाची संमती दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली गेली. पुढे शाह आयोगापुढे या रात्रीची नोंद झाली. सही थांबली नाही, पण सचिवाने आपली अमानत पोहोचवली होती.

दुसरे उदाहरण राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे. २००६ मध्ये त्यांचे पन्नासेक नातेवाईक दिल्लीला आले आणि राष्ट्रपती भवनात राहिले. खोल्यांचे भाडे, जेवण, अगदी चहासुद्धा हिशेबात धरला गेला, आणि साडेतीन लाखांवर रुपये कलामसाहेबांनी स्वतःच्या खिशातून भरले. त्यांचे सचिव पी. एम. नायर यांनी हे नंतर लिहून ठेवले. साहेबांच्या थोरल्या भावाच्या चहाचे बिल लावणे सोपे नाही. साहेबांनाच ते हवे असेल, तर कर्मचाऱ्याचा हात थरथरत नाही.

हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या एका हदीसचा आशय असा, की अल्लाह एखाद्या अमीराचे भले इच्छितो, तेव्हा त्याला सच्चा वजीर देतो. अमीर विसरला तर तो आठवण देतो, आठवण असेल तर मदत करतो. हजरत मूसा (अ.) यांनीही फिरऔनकडे जाण्यापूर्वी भाऊ हारून (अ.) यांची साथ अल्लाहकडे मागितली होती. पैगंबरांनाही सोबती हवासा वाटला, तिथे आपली काय कथा!

आपले शहरही एका वजिराचेच. १६१० च्या सुमारास खडकी वसवणारा मलिक अंबर हा निजामशाहीचा वजीर होता. गादीवर कोणता सुलतान होता हे आज किती जणांना सांगता येईल? नहर-ए-अंबरी मात्र घरोघरी ठाऊक आहे.

आपल्या मशिदीच्या कमिटीत, शाळेच्या संस्थेत, दुकानात आणि घरातही कुणीतरी सदर असतो आणि कुणीतरी त्याच्या शेजारी बसतो. वर्गणीचा हिशेब जुळत नसेल, तर शेजारी बसणाऱ्याने चार लोकांत नव्हे, एकांतात, अदबीने, पण सांगावेच. “सदरसाहेब नाराज होतील” म्हणून गप्प राहणे ही वफादारी नव्हे. आणि सदरांनी अशा माणसाला दूर न करता जवळ बसवावे. घरात अब्बांची चूक अम्मीने किंवा मोठ्या मुलीने दाखवली, तर तिचेही ऐकून घ्यावे.

अल्लाह आपल्याला खरे सांगण्याची हिंमत आणि खरे ऐकण्याची तौफीक देवो. आमीन.