प्रभूची सेवा आणि ढोलकीवाल्याचं पाकीट

‘सेवा’ हा शब्द कानावर पडला की हल्ली मला आधी डिझेलचा आकडा आठवतो. हे बरं लक्षण नाही, मान्य आहे. मी जन्मानं ख्रिस्ती, राहात्याचा, शिक्षणानं इंजिनिअर, सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधतो. शुक्रवारी संध्याकाळी शिर्डीची गाडी धरायची, रात्री राहात्याला उतरायचं, शनिवारी दुपारी कीबोर्ड खांद्याला लावून टेम्पोत बसायचं, असं सहा वर्षं चाललंय. आमचं गीतमंडळ सात जणांचं. दोन गायक, एक गायिका, पेटी, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डवर मी. चौघं कॅथलिक, दोघं सीएनआयचे आणि ढोलकीवाले काका ख्रिस्तीच नाहीत. ते खंडोबाच्या जागरणात वाजवतात, शिर्डीत साईभजनाला बसतात, १४ एप्रिलला भीमगीतांच्या स्टेजवर असतात आणि डिसेंबरात आमच्याबरोबर नाताळची गाणी वाजवतात. ठेका कुठला लावायचा हे ते गाण्याच्या पहिल्या ओळीवरून ओळखतात. देव कुठला, हा प्रश्न त्यांना कधी पडलेला मी पाहिला नाही.

लोकांना वाटतं, असं गावोगाव फिरणं म्हणजे मजा. मजा असतेही. डिसेंबरातल्या थंडीत बाभळेश्वरहून श्रीरामपूरकडे वळलं की दोन्ही बाजूंना ऊस, पुढे ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या आणि मागे आम्ही. पेटीला ब्लँकेट, कारण थंडीनं सूर हलतात, आणि ऑक्टोपॅडवाल्याला नाही, कारण ब्लँकेट एकच. नेवासा, राहुरी, संगमनेर, गोदावरी ओलांडून वैजापूर, गंगापूर. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते, तेव्हा तर श्रीरामपूरचा रस्ता माणसांनी फुललेला असतो. चर्चच्या आवारात, समाजमंदिरात, कधी नुसत्या खळ्यावर आम्ही वाजवतो. वीज गेली तर जनरेटर, आणि जनरेटर आणायचं कुणाच्याच लक्षात नसेल तर फक्त पेटी-ढोलकी. खरं सांगू का, ते कार्यक्रम सगळ्यात चांगले होतात. रात्री दहाला स्पीकर बंद करावा लागतो. मग जेवण, मग पाळकसाहेबांची प्रार्थना, मग निरोप. पाकीट उघडतं परतीच्या वाटेवर, टेम्पोतल्या दिव्याखाली.

एका पाकिटाचा हिशेब देतो. गाव सांगत नाही, सांगायचं कारणही नाही, कारण गाव बदललं तरी हिशेब फारसा बदलत नाही. पाकिटात पाच हजार. टेम्पोचं भाडं डिझेलसकट साडेचार. राहिले पाचशे, माणसं सात. माणशी एकाहत्तर रुपये, वर तीन रुपये शिल्लक. शिवाय प्रत्येकाला एक शाल आणि नव्या वर्षाचं वचनांचं कॅलेंडर. त्याच रात्री त्याच मैदानात मांडववाल्याला अठ्ठावीस हजार रोख मोजलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. मांडववाला सेवा करत नव्हता, तो धंदा करत होता. आचारी, लाइटवाला, खुर्च्यावाला, सगळे धंदाच करत होते. अख्ख्या मैदानात सेवा करत होतो ते फक्त आम्ही सात जण.

हे बोललं की पहिलं उत्तर येतं ते रेव्हरंड टिळकांच्या नावानं. नगर जिल्ह्यात नारायण वामन टिळकांचं नाव घेतलं की समोरच्यानं गप्प बसावं अशी अपेक्षा असते. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, ‘देवाचा दरबार’ काढला, फकिरी पत्करली. मग तुम्ही कोण लागून गेलात मानधन मागणारे? एका सभेत एका ज्येष्ठांनी हे मला सगळ्यांसमोर ऐकवलं होतं. तेव्हा मी गप्प बसलो, आता बोलतो. टिळकांनी पगार सोडला तो स्वतःचा. बाजा वाजवणाऱ्या दुसऱ्या कुणाचा पगार त्यांनी सोडून दिला नव्हता. आणि त्यांच्या त्यागाची किंमत घरात कोण मोजत होतं, हे कळायला ‘स्मृतिचित्रे’ वाचावं लागतं. हातात आलेला पैसा वाटेतच वाटून येणारे टिळक आणि त्यातून चूल पेटती ठेवणाऱ्या लक्ष्मीबाई, हे चित्र वाचताना आपण खूप हसतो. आमच्या ढोलकीवाल्या काकांच्या घरीही एक लक्ष्मीबाई आहे. ती पुस्तक लिहिणार नाही, म्हणून ती नाहीच असं समजायचं का?

टिळकांच्या आधीही नगरात हे सगळं होतं. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून नगरात, ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये इथूनच निघालं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळ्यांसारख्या माणसांनी पेटी, टाळ, मृदंग घेऊन ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. त्याच्याही अडीचशे वर्षं आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ गोव्याकडे तयार झालं, तेही ओवीत, म्हणजे म्हणण्यासाठी. मराठी ख्रिस्ती माणसाचा धर्म पुस्तकातून जेवढा आला तेवढाच सुरातून आला. मग ज्या हातांनी तो आणला त्यांना आपण बिनहिशेबी का धरतो? पाळकांना वेतन असावं यावर आपल्यात वाद नाही. कुठल्याही पाळकांना कुणी ‘यंदा सेवा म्हणूनच करा’ असं सांगितलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

शास्त्राचाच आधार हवा असेल तर तो आमच्या बाजूनं आहे. मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नये, हा जुन्या करारातला नियम पौलानं कामकऱ्याच्या मोबदल्यासाठी वापरला, हे रविवारी शाळेत आम्हाला शिकवलं होतं. पण त्याहून नेमकी गोष्ट नहेम्याच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात आहे आणि ती सणावाराला कुणी उपदेशाला घेत नाही. नहेम्या काही काळानं यरुशलेमात परत येतो तर मंदिरात गायकच नाहीत. का? त्यांचा ठरलेला वाटा त्यांना दिलाच गेला नव्हता, म्हणून लेवी आणि गायक आपापल्या शेतांवर निघून गेले होते. नहेम्या त्या गायकांवर चिडत नाही. त्यांची श्रद्धा कमी पडली असंही म्हणत नाही. तो अधिकाऱ्यांना जाब विचारतो आणि प्रामाणिक माणसं कोठारावर नेमतो. दुखणं हिशेबाचं होतं, उपायही त्यानं हिशेबाचाच केला. राहात्यात बसून ही गोष्ट वाचताना मला फार जवळची वाटते, कारण आमचे दोन जुने वादक खरोखर शेतावर गेले. एक पेरूच्या बागेत मजुरीला आहे, दुसरा ऊसतोडीच्या मुकादमाकडे हिशेब लिहितो.

आता जरा कडू बोलतो. आपल्यापैकी बहुतेकांचे आजे-पणजे महार किंवा मांग होते. त्यांच्या दारात ख्रिस्ती धर्म आला तेव्हा त्यातली एक मोठी गोष्ट ही होती, की पाटलानं हाक मारली की हलगी घेऊन धावायचं, हे आता संपेल. वाजवणं हे गावकीचं काम होतं. ते नाकारता येत नव्हतं, त्याची किंमत ठरवता येत नव्हती. आज मंडळीचा सेक्रेटरी आदल्या रात्री फोन करतो, ‘उद्या या, प्रभूची सेवा आहे’, आणि नाही म्हटलं तर ‘फार व्यावसायिक झालात’ असं गावभर होतं. यात नेमकं काय बदललं ते मला दाखवा. बलुत्यात निदान सुगीला धान्य तरी घरी यायचं.

एवढं लिहून झाल्यावर माझ्या पापाकडे यायला हवं, नाहीतर हा लेख म्हणजे पुण्यात पगार घेणाऱ्याची फुकटची पोपटपंची होईल. मला एकाहत्तर रुपयांनी फरक पडत नाही. म्हणूनच मी इतकी वर्षं गप्प होतो, आणि माझ्यासारखे परवडणारे लोक फुकट वाजवतात म्हणून ज्यांना परवडत नाही त्यांचा दर पडतो, हे मला फार उशिरा कळलं. शिवाय मी याहून वाईट गोष्ट केली. मी ट्रॅक बनवले.

तीन वर्षांपूर्वी काकांना घरी बोलावलं, खोलीच्या भिंतींना गोधड्या लावल्या, दोन माइक ठेवले आणि दुपारभर त्यांची ढोलकी रेकॉर्ड केली. भजनी ठेका, केरवा, दादरा, धुमाळी, प्रत्येक लयीत, प्रत्येक उठाणासकट. काका खूश होते. मध्ये दोनदा चहा झाला. नंतर मी एफएल स्टुडिओत त्याचे तुकडे पाडले, लूप केले, खाली बास घातला, वर तंतुवाद्यं घातली. चोवीस गाण्यांचे ट्रॅक तयार झाले. हेतू चांगला होता, तालमीला उपयोग व्हावा एवढाच. मग एका मंडळीनं मागितले, मी पेन ड्राइव्हवर दिले. तिथून ते व्हॉट्सॲपवर गेले. त्यापुढच्या डिसेंबरात आम्हाला फोन यायला लागले: ‘भाऊ, गायक तेवढे दोन पाठवा, लॅपटॉप आमच्याकडे आहे.’ खर्च वाचतो, टेम्पो लागत नाही, आवाज एकसारखा येतो. अभियंता म्हणून मला यात काहीच खटकायला नको होतं. मनुष्यबळ कमी करणारी साधनं बनवायचाच मी पगार घेतो.

त्या २५ डिसेंबरला काका घरी होते. त्यांच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर कार्यक्रम होता. दुसऱ्या दिवशी भेटले तेव्हा म्हणाले, ‘काल ठेका माझाच लावला व्हता ना रं? वळखला म्या घरून.’ त्यात राग नव्हता. दुसऱ्या कडव्यानंतरचा उठाण जरा मागं पडतो, तेवढं नीट कर, असंही सांगितलं. चूक माझीच होती, लूप जोडताना काही मिलिसेकंद सुटले होते. ती मी दुरुस्त केलेली नाही. त्या दिवसानंतर ती फाइलच उघडलेली नाही.

माझ्यावर आक्षेप येईल, की गावातल्या मंडळ्या गरीब आहेत. आहेत. ऊसतोड मजुरांच्या वस्तीत नाताळची वर्गणी दहा-वीस रुपयांनी गोळा होते, तिथे आम्ही आमच्या पेट्रोलनं गेलो आहोत आणि जात राहू. पाकिटाच्या जागी ज्वारीची पोतडी दिली गेली तीही घेतली, काकांनी आनंदानं घेतली. माझं भांडण त्यांच्याशी नाही. ज्यांच्याकडे मांडवाला, आतषबाजीला, मुंबईहून येणाऱ्या पाहुण्या गायकाच्या हॉटेलला पैसे असतात आणि फक्त ढोलकीशी आल्यावर पवित्र आत्म्याची आठवण होते, त्यांच्याशी आहे. दुसरा आक्षेप: पैसे ठरवले की त्याचा तमाशा होतो. होऊ दे की. नारायणगावला तमाशाच्या राहुट्यांत सुपारी ठरते तेव्हा रक्कम बोलली जाते, विसार दिला जातो, दोन्ही बाजूंना काय ते माहीत असतं. सप्ताहातल्या कीर्तनकारांची पाकिटंही ठरलेली असतात, त्यांवर टीका करता येते, कारण ती ठरलेली असतात. आपल्याकडे ठरतच नाही काही, आणि या न ठरण्याला आपण अध्यात्म म्हणतो.

या न ठरण्यानं आणखी एक नुकसान होतं, ते फार कुणाच्या लक्षात येत नाही. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना दरमहा मानधन देण्याची योजना आहे. पन्नाशीपुढच्या कलावंताला त्यासाठी अर्ज करता येतो, पण आयुष्यभर कला सादर केल्याचे पुरावे जोडावे लागतात. गेल्या वर्षी मी काकांचा अर्ज भरायला बसलो. चाळीस वर्षं वाजवलेल्या माणसाची पिशवी उलटी केली तर जागरणाच्या दोन छापील पत्रिका निघाल्या, भीमजयंतीचं एक प्रमाणपत्र निघालं, आणि आमच्याकडच्या एकोणीस शाली. शाल कुठल्या रकान्यात जोडायची? एकाही मंडळीनं कधी साधी पावती दिली नव्हती, पत्रिकेवर नाव छापलं नव्हतं. पत्रिकेवर पाळकांचं नाव असतं, प्रमुख पाहुण्यांचं असतं, ध्वनिक्षेपक देणाऱ्या दुकानाचंही असतं.

मग मी एक कागद केला. एका पानाचा, मराठीत. वाहनखर्च वेगळा, वादकांचं मानधन वेगळं, रक्कम आधी ठरलेली, पत्रिकेवर सातही जणांची नावं, कार्यक्रम झाल्यावर सहीशिक्क्याचं पत्र. ज्यांना परवडत नाही त्यांनी तसं सांगावं, रक्कम शून्यही लिहिता येईल, पण लिहायची. हा कागद गेल्या ऑक्टोबरात सगळ्या जुन्या ठिकाणी पाठवला. दोन पाळकसाहेबांचे फोन आले, त्यातल्या एकानं चांगलं झापलं. दुसऱ्यानं विचारलं, हाच नमुना मी माझ्या सॅक्रिस्टनसाठी वापरला तर चालेल का. एका गावानं शून्य लिहून, सही करून, शिक्का मारून पाठवलं. तिथे आम्ही सर्वांत आधी तारीख दिली.

आदल्या डिसेंबरात सतरा कार्यक्रम होते, या वेळी नऊ झाले. मंडळातले दोघं माझ्यावर नाराज आहेत आणि त्यांची नाराजी खरी आहे, कारण आठ रात्रींचं जेवण आणि आठ रात्रींचं गाणं माझ्या कागदामुळे गेलं. काका नऊच्या नऊ ठिकाणी बसले. त्यांच्या पिशवीत आता नऊ पत्रं आहेत, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, सगळ्यांवर त्यांचं पूर्ण नाव. एकावर ‘ढोलकी’च्या जागी ‘ढोलक’ लिहिलंय. ते बदलून आणा म्हणून त्यांनी मला दोनदा फोन केलाय, आणि येत्या शनिवारी मी त्यासाठी गंगापूरला जाणार आहे.