स्वस्ताईची दंतकथा

गेल्या काही वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यात, आणि खरे तर सगळ्या महाराष्ट्रात, जुन्या भावांच्या याद्या मोठ्या हौसेने एकमेकांना पाठविल्या जातात. १९६७-६८ साली दहा ग्रॅम सोने शंभर-दीडशे रुपयांना मिळे, सिनेमाचे तिकीट काही आण्यांत येई, चार आण्यांत पोटभर खाणे होई, असा या याद्यांचा मजकूर असतो आणि त्याखाली 'गेले ते दिवस' असा एक सुस्कारा असतो. म्हाताऱ्या माणसांनी आपल्या तारुण्याची आठवण काढावी, यात गैर काही नाही. परंतु ही यादी आता आठवण राहिलेली नाही. तिचा युक्तिवाद झाला आहे. पूर्वी सारे स्वस्त होते, माणसे समाधानी होती, मोर्चे आणि संप करणाऱ्यांनीच पुढे सगळे बिघडविले, असे तिच्या आडून सांगितले जाते. म्हणून तिची तपासणी करणे अगत्याचे आहे.

या याद्यांत एक रकाना नेहमी कोरा असतो. वस्तूचा भाव दिलेला असतो, मजुरी दिलेली नसते. भाव हा सुटा आकडा नव्हे, ते एक नाते असते. एका बाजूला वस्तू आणि दुसऱ्या बाजूला ती घेणाऱ्याची कमाई. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. १९६०-६१ च्या भावांनी ग्रामीण भागात माणशी दरमहा १५ रुपये ही त्यांनी किमान गरजेची रेषा धरली, आणि खेड्यांतील सुमारे ४० टक्के माणसे त्या रेषेच्याही खाली असल्याचे दाखविले. साठीच्या अखेरची भाववाढ जमेस धरून ती रेषा दुप्पट केली, तरी दहा ग्रॅम 'स्वस्त' सोन्याची किंमत एका माणसाच्या तीन महिन्यांच्या अन्नवस्त्राहून अधिक भरते. ज्याच्या घरी ते तीन महिनेच निभावत नव्हते, त्याला सोन्याच्या स्वस्ताईचे सुख ते कोणते?

दुसरी गोष्ट अशी की, ती वर्षे स्वस्ताईची नव्हतीच. १९६५-६६ आणि १९६६-६७ ही लागोपाठ दोन वर्षे देशात अवर्षणाची गेली. १९६४-६५ साली सुमारे ८ कोटी ९० लाख टन असलेले धान्योत्पादन पुढच्या वर्षी ७ कोटी २० लाख टनांच्या आसपास घसरले. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांचा झाला. घाऊक भाव १९६६-६७ साली सुमारे १४ टक्क्यांनी चढले आणि त्यापुढच्या वर्षी आणखी ११ टक्क्यांहून अधिक चढले. पंचवार्षिक योजनाच तीन वर्षे बाजूला ठेवावी लागली. अमेरिकेहून पी.एल. ४८० खाली येणाऱ्या गव्हाच्या बोटींवर देशाचा शिधा अवलंबून होता. आज ज्यांना ते दिवस स्वस्ताईचे वाटतात, त्यांच्या आईवडिलांनी ते महागाईचे म्हणूनच सोसले होते.

त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे. सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. भात खाणारा आणि भाताला तोटा असलेला असा हा मुलूख. खोती १९४९ च्या कायद्याने गेली होती आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कुळाला कागदोपत्री जमीनमालक केले होते. पण डोंगरउतारावरच्या तुकड्यांतून वर्षाचे धान्य निघत नव्हते. रेल्वे नव्हती. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट आणि घाट उतरून येणारी एस.टी. हीच दळणवळणाची साधने, आणि त्यांतली बोट पावसाळ्याचे चार महिने बंद. म्हणून आगोटीची बेगमी हा कोकणच्या संसाराचा कणा होता. ज्याच्या हाती मे महिन्यात रोकड असे, तो तांदूळ, मीठ, मिरची, रॉकेल भरून ठेवी. ज्याच्या हाती ती नसे, त्याला आषाढ-श्रावणात वाण्याच्या दारात उधारीवर आणि चढ्या भावाने धान्य उचलावे लागे आणि दिवाळीनंतर आपले भात उतरत्या भावाने त्यालाच घालावे लागे. एकाच गावात, एकाच वर्षी, एकाच तांदळाचे दोन भाव होते, आणि गरिबाच्या वाट्याला खरेदीत चढा व विक्रीत उतरता असे दोन्ही तोट्याचे येत. जुन्या भावांच्या यादीत यांपैकी कोणता भाव लिहायचा?

डॉ. राममनोहर लोहिया यांनी 'दाम बांधो' ही घोषणा दिली ती नेमकी याच दुखण्यावर बोट ठेवून. दोन हंगामांमध्ये धान्याच्या भावाची चढउतार ठरावीक मर्यादेबाहेर जाऊ नये आणि कारखान्यात तयार होणाऱ्या जीवनोपयोगी वस्तूंची किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीहून अधिक असू नये, हा त्या घोषणेचा आशय. लोहियांनी १९६३ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत केलेला वादही इथे आठवावा. देशातील २७ कोटी माणसे रोज तीन आण्यांवर जगतात, असे त्यांनी सांगितले. सरकारपक्षाने सरासरी पंधरा आण्यांचा दाखला दिला. पुढे नियोजनमंत्र्यांनी तळच्या ६० टक्क्यांसाठी साडेसात आण्यांचा आकडा मांडला. तीन की साडेसात, हा वाद तज्ज्ञांचा म्हणून सोडून दिला, तरी पंधरा आण्यांची सरासरी गरिबाची स्थिती झाकते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. जुन्या भावांची यादी आज तीच सरासरीची चलाखी पुन्हा करते. फरक इतकाच की, त्या वेळी ती मंत्र्यांच्या बाकावरून झाली आणि आज ती करमणूक म्हणून होते.

रत्नागिरीचा संसार मुंबईच्या मनीऑर्डरवर चाले, हे सर्वांना ठाऊक आहे. जिल्ह्याच्या शिरगणतीत पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या अधिक भरे, कारण कर्ता पुरुष परळ-लालबागच्या गिरणीत असे. परंतु त्या मनीऑर्डरची रक्कम कशी ठरे, हे आता विसरले जात आहे. गिरणी कामगाराचा किमान मूळ पगार १९४७ च्या औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने ३० रुपये ठरला होता. त्याला तगवून धरीत होता तो महागाई भत्ता, आणि तो भत्ता मुंबईच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेला होता. निर्देशांक चढला की भत्ता चढे, आणि भत्ता चढला की राजापूर-लांज्याच्या एखाद्या वाडीत चूल एक वेळ अधिक पेटे. निर्देशांक चुकीचा काढला जातो, तो खरी महागाई दाखवीत नाही, अशी ओरड मुंबईच्या कामगारांनी केली, तेव्हा महाराष्ट्र सरकारला प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि निर्देशांकात दुरुस्ती करावी लागली. आकडा कोण मोजतो आणि कसा मोजतो, हा भाकरीचा प्रश्न आहे, हे त्या पिढीच्या कामगाराला अर्थशास्त्राचे पुस्तक न वाचता समजले होते.

मनीऑर्डर पोहोचविणारा पोस्टमनही त्याच लढ्यात होता. १९ सप्टेंबर १९६८ रोजी केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांनी गरजेवर आधारित किमान वेतनासाठी एक दिवसाचा लाक्षणिक संप केला. त्यात टपाल-तार कर्मचारी होते. सरकारने वटहुकूम काढून संप बेकायदा ठरविला, अटका केल्या, नोकऱ्या घेतल्या. 'तेव्हा माणसे समाधानी होती' असे म्हणणाऱ्यांनी या दिवसाचा जमाखर्च कोणत्या खात्यावर टाकायचा ते सांगावे.

त्या काळच्या चित्रपटांबद्दलही अशीच एक भाबडी समजूत आहे. गोड गाणी आणि सोज्वळ कथा एवढेच त्यांचे स्मरण उरते. पण १९६८ च्या 'एकटी'त सुलोचनाबाईंनी उभी केलेली आई काबाडकष्ट करून मुलाला शिकविते आणि अखेर एकटी पडते. ज्या जिल्ह्यातली अर्धी घरे मुलाला बोटीवर बसवून परतलेल्या आयांची होती, तिथल्या बायकांना ती कथा पडद्यावरची वाटली नसेल. त्या चित्रपटातील मुलगा झालेले काशीनाथ घाणेकर चिपळूणचेच, हाही एक योगायोग. १९७० च्या 'मुंबईचा जावई'त हसण्याचा विषय आहे तो चाळीच्या खोलीत नवविवाहित जोडप्याला न मिळणारा एकांत. प्रेक्षक हसला, पण तो आपल्याच घरभाड्याला आणि आपल्याच दाटीवाटीला हसत होता. १९६७ चा 'उपकार' जवान-किसानाचा जयजयकार करीत आला, तेव्हा जवानाचा तांदूळ आणि किसानाचे बियाणे दोन्ही टंचाईत होती. करमणुकीनेही जे लपविले नाही, ते आज याद्यांनी लपवावे, हे नवल आहे.

बातम्यांचेही तेच. मुंबईची वृत्तपत्रे शिळी होऊन जिल्ह्यात पोहोचत, रेडिओला परवाना लागे आणि रत्नागिरीचे आकाशवाणी केंद्र १९७७ पर्यंत सुरू व्हायचे होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले, आणि मुंबईच्या कारखान्यांची वीज तुटली ही मोठी बातमी ठरली. ती वीज निर्माण होत होती चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला. त्या वीजघराच्या आसमंतातल्या कितीतरी वाड्यांत त्या रात्रीही कंदील होता आणि पुढे कित्येक वर्षे कंदीलच राहिला. त्याची बातमी झाली नाही.

या साऱ्या कोंडीतून दोन वाटा निघाल्या. नोकरी नाही, खोली नाही, पगार पुरत नाही, या कोकणी तरुणाच्या रास्त संतापाला १९ जून १९६६ रोजी स्थापन झालेल्या शिवसेनेने दाक्षिणात्य कारकुनाचा पत्ता दिला. गिरणीमालक, घरमालक आणि साठेबाज बाजूला राहिले. शेजारच्या टेबलावरचा माणूस शत्रू ठरला. दुसरी वाट बॅ. नाथ पै यांची. राजापूर मतदारसंघातून १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा निवडून गेलेल्या या समाजवादी नेत्याने कोकणाच्या दारिद्र्याचा प्रश्न संसदेत मांडला तो कुणाचा द्वेष न शिकविता. १८ जानेवारी १९७१ रोजी ते गेले. त्यांच्यामागून आलेल्या प्रा. मधु दंडवते यांनी कोकण रेल्वेचा पाठपुरावा केला, आणि रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी घातली. रेल्वे पुरी व्हायला १९९८ उजाडले. ही वाट लांबची होती आणि तिच्यावर टाळ्या कमी होत्या, हे मान्य केले पाहिजे. समाजवादी पक्ष फुटत आणि जुळत राहिले, त्यामुळे ती आणखी लांबली, हेही मान्य केले पाहिजे.

हा इतिहास उगाळायचा कशासाठी? कारण भावाला पगाराशी बांधणारी ती दोरी पुढे तुटली आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणीसंपानंतर अडीच लाखांच्या घरातला कामगार विखुरला आणि निर्देशांकाशी जोडलेला त्याचा भत्ताही गेला. त्यांच्यापैकी कित्येकजण रत्नागिरीच्या गावांत परतले. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली किमान मासिक रक्कम २०१४ साली १,००० रुपये ठरविली गेली, आणि तिला महागाई भत्त्याची जोड दिली गेली नाही. आशा सेविकांच्या मानधनाला अशी जोड नाही. मानधन वाढविण्यासाठी दरवेळी आझाद मैदान गाठावे लागते. आणि मोजणाऱ्यांविषयी म्हणावे, तर २०१७-१८ च्या कुटुंबखर्च पाहणीचे निष्कर्ष केंद्र सरकारने प्रसिद्धच केले नाहीत. २०१२ च्या पायावरचा निर्देशांक दहा वर्षांहून अधिक काळ चालविला गेला. तीन आणे की पंधरा आणे, हा वाद घालायलाही आकडा लागतो. आकडाच दिला नाही, तर वाद मिटतो आणि भूक तशीच राहते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी जुन्या भावांची यादी पाहून नुसते हसू नये किंवा चिडूही नये. तिचा कोरा रकाना भरावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तांदळाचा भाव विचारताना मजुरी किती होती, वर्षातले किती दिवस काम मिळे, वाण्याकडे उधारी किती राही, हेही विचारावे आणि लिहून ठेवावे. आणि त्याच वहीच्या पुढच्या पानावर आजची नोंद करावी : प्रत्येक तालुक्याच्या गावी वीस-पंचवीस जिन्नसांचे दरमहाचे भाव, आणि शेजारी आंबा बागेतल्या मजुराची, बंदरावर मासळी निवडणाऱ्या बाईची, कंत्राटी सफाई कामगाराची कमाई. वर्षभर अशी वही भरली, तर निवृत्तिवेतन, मानधन आणि कंत्राटी पगार निर्देशांकाशी जोडा, ही मागणी भाषणातली न राहता हिशेबाची होईल. मुंबईच्या कामगारांनी निर्देशांक दुरुस्त करून घेतला, तो असाच पुराव्याने आणि रेट्याने. स्वस्ताई कधी आपोआप आली नव्हती. जेवढी आली, तेवढी मागून, मोजून आणि भांडून घेतलेली होती.