पिकअप म्हणजे उचल

आमचा भाचा परतवाड्याच्या एका व्यापाऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. मालकाने दोन वर्षांपूर्वी हायब्रीड गाडी घेतली. ती घरासमोर येऊन उभी राहिली तरी पत्ता लागत नाही, इतकी मुकी. भाचा भारी खूश. आम्हाला म्हणाला, "मामा, या गाडीचं पिकअप म्हणजे काय सांगू तुमाले! पाय ठेवला का निघालीच. ट्रक पुढे असला तरी टेन्शन नाई."

आम्ही कचेरीतले कारकून, बी. कॉम. झालेले. गाडीतले आम्हाला कळते ते तिकिटापुरते. तरी त्याच्या बोलण्यातला "टेन्शन नाई" हा शब्द आमच्या मनात अडकून राहिला. आणि गेल्या उन्हाळ्यात त्याच शब्दाने आम्हाला अंजनगावच्या रस्त्यावर गाठले.

लग्नाला निघालो होतो. मालकाची गाडी अर्थातच नव्हती. भाड्याची जुनी डिझेल जीप, आसने नऊ आणि आत माणसे अकरा. (त्या अकरांत आम्हीही होतो, हे आधीच कबूल करतो.) भाचा चालवीत होता. पथ्रोटच्या अलीकडे पुढे कडब्याचा ट्रक लागला. समोरचा रस्ता बराच मोकळा दिसत होता. भाच्याने जीप उजवीकडे काढली, पाय दाबला आणि जीप नुसती घों घों करीत राहिली. ट्रकच्या मागच्या चाकापाशी आम्ही, समोरून मोटारसायकलवर नवरा-बायको आणि मधे लहान पोर. भाच्याने ब्रेक मारून जीप परत ट्रकच्या मागे घेतली. त्या मोटारसायकलवाल्याने गाडी कच्च्यात उतरवली म्हणून निभावले. बाईने आमच्याकडे पाहिले. ती नजर आम्ही विसरलो नाही.

भाचा पुढे दोन मैल बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "मामा, मले वाटलं निघून जाईन." चूक त्याच्या डोळ्यांची नव्हती. अंतर त्याने बरोबरच पाहिले होते, पण ते मालकाच्या गाडीच्या मापाने.

तेव्हापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. वस्तीतली कितीतरी मुले दुसऱ्यांच्या गाड्या चालवतात. आज ही गाडी, उद्या ती. म्हणून हा लेख.

हायब्रीड म्हणजे एकाच गाडीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर. अशी गाडी मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विकायला आली, तिचे नाव प्रियस. आपल्याकडे ती २०१० साली आली, पण किंमत अशी की पाहणाऱ्याने फक्त पाहावे. २०२२ मध्ये होंडा सिटी, ग्रँड व्हिटारा आणि इनोव्हा हायक्रॉस या गाड्या हायब्रीड रूपात निघाल्या, तेव्हापासून त्या आपल्या तालुक्याच्या गावातही दिसू लागल्या.

पिकअपचे गुपित आपल्या शेतातच आहे. विहिरीवरचे डिझेल इंजिन आठवा. हँडल फिरवा, धूर निघू द्या, फेरे वाढू द्या, मग पट्टा ओढ घेतो. विजेच्या मोटरपंपाचे बटन दाबले की लगेच पाणी. मोटारीतही तसेच. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाची खरी ताकद फेरे वाढल्यावर येते. म्हणून ओव्हरटेकच्या वेळी गिअर खाली घ्यावा लागतो, टर्बो असेल तर त्याला दम भरू द्यावा लागतो. यात सेकंदभर सहज जातो. विजेची मोटर पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण ओढ देते. ग्रँड व्हिटारामध्ये इंजिनाची ओढ १२२ न्यूटन मीटर आणि मोटरची १४१, म्हणजे मोटर लहान असून तिची ओढ जास्त.

आता आम्ही कागद घेऊन बसलो. दोन पदरी रस्ता, मधे दुभाजक नाही. पुढे दहा मीटर लांबीचा ट्रक ताशी ४० ने चाललेला. मागे पंधरा मीटर सोडून आपण, आणि पुढे गेल्यावरही पंधरा मीटर सोडून आपल्या बाजूला यायचे. गाडीची लांबी धरून ट्रकपेक्षा ४५ मीटर जास्त चालायचे. काटा ७० च्या वर न्यायचा नाही. समोरचे वाहन ताशी ६० ने येते आहे असे धरा. जोमदार हायब्रीडला हे करायला साडेसात सेकंद लागतात आणि समोर २५५ मीटर मोकळा रस्ता लागतो. साध्या पेट्रोल गाडीला गिअर बदलण्याचा सेकंद धरून साडेदहा सेकंद आणि ३४० मीटर. आमच्या त्या भरलेल्या जीपला तेरा सेकंद आणि चारशे मीटरच्या वर. हे आकडे आमच्या हिशेबाचे आहेत, गाडीगणिक कमीजास्त होतील. पण भाच्याने अडीचशे मीटर पाहून चारशे मीटरचे काम काढले होते, एवढे त्यातून स्पष्ट होते.

तेव्हा चांगल्या पिकअपने अपघात टळतो का? टळतो, खोटे कशाला बोलावे. विरुद्ध बाजूला असण्याचा वेळ तीन सेकंदांनी कमी होणे ही लहान गोष्ट नाही. चौकातही तसेच. मूर्तिजापूरकडून गावरस्त्याने येऊन अमरावती-अकोला महामार्ग ओलांडायचा आहे. हा तोच रस्ता, ज्याच्या ७५ किलोमीटरच्या डांबरीकरणाचा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत विक्रम झाला. गुळगुळीत रस्ता, वाहने सुसाट. तिथे उभ्या गाडीने सोळा मीटर पार करायला हायब्रीडला चार सेकंद लागतात, मंद गाडीला साडेसहाच्या वर. तेवढ्या फरकात ६० ने येणारा ट्रक चाळीस मीटरच्या वर जवळ येतो.

पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर ताळेबंद जुळत नाही.

चांगली हायब्रीड पाय दाबल्यावर दर सेकंदाला ताशी सात किलोमीटरने वेग वाढवते. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरची कोणतीही गाडी जोरात ब्रेक दाबल्यावर दर सेकंदाला ताशी पंचवीस किलोमीटरने वेग कमी करते. म्हणजे सर्वात तेज गाडीतही ब्रेक हा अ‍ॅक्सिलेटरच्या तिप्पट ताकदीचा. समोर संकट दिसले आणि आपण अजून ट्रकच्या मागच्या निम्म्यात असलो तर ब्रेक दाबून मागे येणे, हाच मार्ग. पुढच्या निम्म्यात पोचलो असलो तरच पिकअप कामी येते. भाच्याने त्या दिवशी निदान हे बरोबर केले. "निघून जाईन" म्हणत पाय दाबून बसला असता तर हा लेख लिहायला आम्ही नसतो.

आणि सरकारी आकडे पाहा. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली १५,२२४ आपल्या महाराष्ट्रात. दहांतली सात माणसे अतिवेगाच्या अपघातांत गेली. वेग कमी पडला म्हणून मेलेल्यांचा रकाना त्या तक्त्यात नाही. मेलेल्यांत शंभरातले चव्वेचाळीस दुचाकीवरचे. म्हणजे ओव्हरटेक करणाऱ्या मोठ्या गाडीत स्टिअरिंगवर आपला मुलगा आणि समोरून मोटारसायकलवर येणारा, तोही बहुतेक आपल्यासारखाच कोणीतरी, कापूस विकून नाहीतर ड्युटी आटोपून घरी चाललेला. मालक मागच्या सीटवर.

गुन्हा मालकावर दाखल होत नाही, चालवणाऱ्यावर होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. जुन्या कायद्यात ती दोन वर्षे होती. मागे बसून "जाऊ दे, काढ, काढ" म्हणणाऱ्याचे नाव त्या कागदावर येत नाही.

आता त्या "उचल" शब्दाविषयी. पिकअपला मराठीत उचल म्हटले तर ते दोन्ही अर्थांनी खरे ठरते. कचेरीत पगारावर उचल घेतो तशीच ही. ग्रँड व्हिटाराच्या हायब्रीड बॅटरीत ०.७६ युनिट वीज मावते. घरच्या मीटरवरचे एक पूर्ण युनिटही नाही. इंजिन ९२ हॉर्सपॉवरचे, मोटर ८० ची, पण दोघांची मिळून बेरीज कंपनी ११६ सांगते, १७२ नाही. आम्हाला आधी वाटले छपाईची चूक असेल. तसे नाही. मोटर ८० ची असली तरी तेवढी वीज एका दमात द्यायला ही बॅटरी लहान पडते. तिने दिलेली ताकद म्हणजे आगाऊ रक्कम, नंतर इंजिनाला फेडावी लागते, किंवा ब्रेक दाबताना वाया जाणारी ताकद परत जमा होते तिच्यातून वळती होते. एका ओव्हरटेकला ती पुरून उरते. पण चिखलदऱ्याचा घाट लागोपाठ चढताना, चौथ्या-पाचव्या ट्रकला काढताना खाते रिकामे होत आलेले असू शकते, मग तीच गाडी तेवढी झेप घेत नाही. बॅटरीचा काटा समोरच असतो, तो पाहत जावा. उतरताना ती भरते आणि पूर्ण भरली की मोटरचा रोध कमी होतो, म्हणून उतारावर इंजिनाचा रोध धरणाऱ्या खाचेत दांडी टाकावी, ब्रेक तापवू नये.

आणखी एक. गाडीच्या मागे "हायब्रीड" लिहिले म्हणजे सगळे आले असे नाही. काही गाड्यांत बारीकशी मोटर फक्त इंजिनाला हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. तिच्याकडून या झेपेची अपेक्षा करू नये. उलट गॅसवरच्या गाडीचे पाहा. एर्टिगा पेट्रोलवर १०३ हॉर्सपॉवरची, सीएनजीवर ८८ ची. तीच गाडी, तोच ड्रायव्हर, फक्त इंधन बदलले की ओव्हरटेकचे अंतर बदलते.

लहान मुलांच्या आयांनीही एक ध्यानात ठेवावे. या गाड्या गल्लीत हळू चालताना मोटरवर चालतात, आवाज जवळजवळ नसतो. युरोपात याच कारणाने जुलै २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या हायब्रीड आणि विजेच्या गाडीला हळू चालताना कृत्रिम आवाज करणे सक्तीचे आहे. आपल्या गल्लीत पोर आवाज ऐकून बाजूला होते, पाहून नाही.

भाच्याने आता एक पद्धत सुरू केली आहे, आम्ही सांगितलेली नाही, त्याचीच. कोणतीही नवी गाडी हातात आली की आधी मोकळा, सरळ रस्ता पाहून, मागेपुढे कोणी नसताना, ४० वरून ७० पर्यंत पाय दाबतो आणि तोंडाने मोजतो. एक हजार एक, एक हजार दोन. मालकाची हायब्रीड चारात होते. तीच जुनी जीप रिकामी अकरात झाली. मागच्या महिन्यात दर्यापूरला जाताना पुन्हा तीच जीप मिळाली. या वेळी आत नऊच जण होतो, दोघांना त्याने एसटीने पाठवले, त्यावरून घरात थोडी बोलणीही झाली. गाव सुटल्यावर त्याने मोजायला सुरुवात केली. आमची बहीण, म्हणजे त्याची आई, मागे बसली होती. तिला वाटले पोरगा काही जपतो आहे. मग कळल्यावर तीही त्याच्याबरोबर मोजू लागली. तेरा झाले, काटा सत्तरला टेकला नव्हता.

"हे कोनालेच नाई काढत आज," भाचा म्हणाला आणि पुढच्या उसाच्या ट्रॅक्टरच्या मागे मुकाट्याने लागला. दर्यापूरला आम्ही पाऊण तास उशिरा पोचलो. जेवण गार झाले होते.