गोल्फ, गोवा आणि चौविहार

शाहूपुरीतील आमचे चार व्यापारी स्नेही डिसेंबरात तीन दिवस गोल्फसाठी गोव्यास निघाले आहेत. काणकोणच्या राजबाग किनाऱ्यावरील ‘द ललित’चे मैदान 9 होलचे, 18 होल खेळायचे तर त्याच्याच दोन फेऱ्या. हिशेबात खोली, मैदानाचे शुल्क, कॅडी सारे आले होते. चौविहार तेवढा राहिला. त्या दिवसांत तेथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि हॉटेलातील रात्रीचे भोजन सहसा त्यानंतरच मांडले जाते. दुपारी खेळायला उतरले की उपवास ठरलेला! म्हणून मी सुचविले: नवकारशीनंतर आठ वाजताच खेळास आरंभ करावा, आणि कंदमुळांविना भोजन सायंकाळी पाचला मिळेल, हे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी लेखी घ्यावे. तोंडी होकाराची किंमत मी बँकेत पुरती पाहिली आहे. एकाने विचारले, “मग समुद्रावरचा सूर्यास्त पाहायचा केव्हा?” जेवून, हात धुऊन!